वॉर्डातल्या रुग्णाला घरचं कसं विचारायचं: नव्या निवासी डॉक्टरांसाठी

हृदय कमजोर झालेला रुग्ण पायांची सूज उतरवून घरी जातो आणि काही आठवड्यांत धाप लागून पुन्हा दाखल होतो. केस पेपरवर शेरा पडतो, 'औषधं नियमित घेतली नाहीत', आणि चौकशी तिथेच थांबते. खरं कारण त्या शेऱ्याच्या मागे राहून जातं. लघवीची गोळी घेतली की सारखं उठावं लागतं आणि कामाच्या जागी शौचालय नाही. किंवा गोळ्या संपल्या आणि आणून देणारं कुणी नाही. किंवा चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचताच येत नाही. यातल्या प्रत्येक कारणावर काहीतरी करता येतं. त्या शेऱ्यावर काहीच करता येत नाही.

वरिष्ठ डॉक्टर राउंडला येऊन जातात. रक्त घ्यायला, सलाईन बघायला, मध्यरात्री ताप चढला तर धावायला इंटर्न आणि निवासी डॉक्टरच असतात. म्हणून घर, अन्न, पैसा, प्रवास, सुरक्षितता यांची चौकशीही बहुतेक तुमच्याकडेच येते, आणि ती कशी करायची हे क्वचितच कुणी बसून शिकवतं. माझं मत आधीच सांगते: उत्तर ऐकल्यावर त्या रुग्णाच्या उपचारात, डिस्चार्जच्या बेतात किंवा पुढच्या तारखेत काहीतरी बदललं पाहिजे. ते होणार नसेल, तर प्रश्न विचारून आपण त्याची अडचण फक्त चारचौघांत उघडी करतो.

पहिला प्रश्न विचारण्याआधी

विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी आजार हुडकण्याच्या चाचण्यांचे निकष लिहिले. त्यातला एक असा, की आजार सापडला तर पुढच्या निदानाची आणि उपचाराची सोय आधीपासून हवी. सामाजिक गरजांनाही तो तंतोतंत लागू पडतो. 'घरात खायला असतं का' असं विचारायचं आणि रुग्ण 'नसतं' म्हणाला की पुढच्या खाटेकडे वळायचं, असं झालं तर तो रुग्ण पुढच्या डॉक्टरला खरं सांगणार नाही.

म्हणून नव्या पोस्टिंगच्या पहिल्या आठवड्यात माणसं ओळखून घ्या. सर्वांत आधी वैद्यकीय समाजसेवक. त्या कुठे बसतात, किती वाजेपर्यंत असतात, सुट्टीच्या दिवशी कोण असतं, त्यांच्याकडे रुग्ण पाठवताना कोणता कागद लागतो, हे त्यांच्यासमोर बसून विचारा. मग वॉर्डातल्या सिस्टर. कुणाकडे कधी भेटायला कुणी येत नाही, कोण जेवणातला अर्धा भाग उशाशी जपून ठेवतं, हे त्यांना आपल्याआधी कळलेलं असतं. औषधालयातले फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ यांनाही भेटा.

या भेटींतून एक पान तयार करा. अन्न, निवारा, प्रवास, औषधांचा खर्च, हिंसा अशा प्रत्येक गरजेसमोर कुणाला भेटायचं, कधी, कोणती कागदपत्रं घेऊन, एवढंच लिहा. पानावरच्या प्रत्येक नंबरवर स्वतः फोन लावून बघा. बंद पडलेला नंबर रुग्णाच्या हातात दिला, तर एक दिवस आणि येण्याजाण्याचा खर्च त्याचा जातो.

काय विचारायचं

तुमच्या रुग्णालयाचा ठरलेला फॉर्म असेल तर तोच वापरा. नसेल तर नवीन शोध लावायची गरज नाही. अमेरिकेच्या मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य विमा योजनांच्या विभागाने तयार केलेल्या प्रश्नावलीत पाच मुख्य क्षेत्रं आहेत: राहण्याची जागा, अन्न, प्रवास, वीज-पाणी-इंधनासारख्या सेवा आणि जवळच्या माणसांपासूनची सुरक्षितता. बालरोग विभागातल्या डॉक्टरांसाठी तिथेच 'आय-हेल्प' नावाची आठवणखूण निघाली. तिच्यात उत्पन्न, घर, शिक्षण, कायदेशीर स्थिती, साक्षरता आणि सुरक्षितता येतात. मुलाच्या आजारपणात शाळा आणि पालकांचे कागद किती आडवे येतात हे पाहिलं, की तो क्रम पटतो.

अन्नासाठी दोनच प्रश्नांची एक पद्धत आहे, 'हंगर व्हायटल साइन'. गेल्या बारा महिन्यांत, पुढचे पैसे हातात येण्याआधी अन्न संपेल अशी काळजी वाटली का? आणि, आणलेलं अन्न पुरलं नाही आणि आणखी आणायला पैसे नव्हते, असं झालं का? उत्तरं तीन: पुष्कळदा, कधीकधी, कधीच नाही. दोनपैकी एकालाही 'पुष्कळदा' किंवा 'कधीकधी' आलं तरी घरात अन्नाची चणचण असण्याची शक्यता धरायची. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लांबलचक प्रश्नावलीने ज्या घरांत चणचण दिसली त्यातली ९७ टक्के घरं या दोन प्रश्नांनीच पकडली होती. तो अभ्यास लहान मुलं असलेल्या अमेरिकी कुटुंबांचा होता, हे लक्षात ठेवून वापरा. 'कधीकधी' हे उत्तर हलकं समजू नका. संकोच असलेला माणूस बहुतेक वेळा तेच निवडतो.

या क्षेत्रांत वॉर्डापुरते तीन प्रश्न मी नेहमी जोडते, कारण डिस्चार्ज त्यांच्यावरच अडतो. घरी तुमच्याकडे बघायला कोण आहे? चिठ्ठ्या, फॉर्म वाचताना कुणाची मदत लागते का? आणि हा दिलेला फोन कुणाचा आहे? फोन शेजाऱ्याचा किंवा दूरच्या नातेवाइकाचा असेल, तर रिपोर्ट कळवायची सगळी व्यवस्था वेगळी करावी लागते.

केव्हा, कुठे, कुणासमोर

दाखल होतानाच्या धावपळीत विचारू नका. वेदना, ताप, भीती असताना माणूस 'सगळं ठीक आहे' म्हणून मोकळा होतो. डिस्चार्जच्या सकाळीही विचारू नका, तेव्हा समाजसेवकांच्या हातात काही करायला वेळ उरत नाही. प्रकृती जरा स्थिरावली की, साधारण पहिल्या-दुसऱ्या दिवशी विचारा. रुग्ण बेशुद्ध किंवा गोंधळलेला असेल तर तशी नोंद करा आणि शुद्धीवर आल्यावर परत जा. ही दुसरी फेरी हमखास राहून जाते, म्हणून ड्यूटी बदलताना पुढच्या डॉक्टरला देतो त्या हँडओव्हरच्या कागदावर लिहून ठेवा.

भरलेल्या वॉर्डात एकांत मिळणं कठीण, हे मान्य. तरी पडदा ओढता येतो, आवाज खाली आणता येतो, चालता येणाऱ्या रुग्णाला ड्रेसिंग रूममध्ये किंवा व्हरांड्याच्या टोकाला नेता येतं. सोनोग्राफीला सोबत जाताना वाटेत विचारता येतं. नातेवाइकांना बाहेर पाठवायचं तर कारण साधं ठेवा: "मी सगळ्यांनाच थोडा वेळ एकट्याने तपासते, दहा मिनिटांत बोलावते." भाषा वेगळी असेल तर दुभाषी आणा. घरच्यांना, विशेषतः लहान मुलांना, दुभाषी बनवू नका. आईच्या तोंडून घरातल्या उपासमारीचं उत्तर ऐकून ते परक्याला सांगणं हे मुलाचं काम नव्हे.

आणि बसा. खाटेजवळ स्टूल ओढून बसलेल्या डॉक्टरला रुग्ण वेगळं सांगतो.

शब्द कसे निवडायचे

आधी कारण सांगा, मग परवानगी मागा. "काका, इथून घरी गेल्यावर तब्येत टिकायला औषधांइतकीच बाकीची परिस्थितीही लागते. म्हणून घर, खाणंपिणं, येणंजाणं यांबद्दल मी प्रत्येक रुग्णाला थोडं विचारते. ज्याचं उत्तर द्यायचं नसेल ते सोडून द्या, उपचारात काहीही फरक पडणार नाही. विचारू का?" यातला 'प्रत्येक रुग्णाला' हा भाग खरा असला पाहिजे. कपडे पाहून, आडनाव पाहून, बोली ऐकून ठरावीक लोकांनाच विचारलं, तर ज्यांना विचारलं त्यांचा अपमान होतो आणि नीटनेटक्या कपड्यांतली अडचण नजरेतून सुटते. नोकरी नुकतीच गेलेला माणूस इस्त्रीच्या शर्टातच दवाखान्यात येतो.

उत्तर आधीच ठरवून टाकणारे प्रश्न टाळा. "जेवणाखाण्याचं काही टेन्शन नाही ना?" याला 'नाही' हेच उत्तर येणार. "गोळ्या घेता ना वेळेवर?" यालाही 'हो'च. त्यापेक्षा असं विचारा: "पुष्कळ जणांच्या गोळ्या मधे राहतात, कधी पैशांमुळे, कधी कामामुळे. तुमचं कसं होतं?" आजी गप्प झाल्या तर गप्पच राहा. त्या शांततेत आपलं पुढचं वाक्य घुसवण्याची घाई डॉक्टरांनाच जास्त असते. उत्तर आल्यावर हळहळ व्यक्त करत बसण्याची गरज नाही. "बरं झालं सांगितलंत, आता औषधं त्या हिशेबाने लावता येतील" एवढं पुरतं.

हिंसेचा प्रश्न वेगळा हाताळावा लागतो. सगळ्या स्त्रियांना सरसकट विचारावं की नाही यावर मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत सरसकट चौकशीची शिफारस केली नाही. जखमा, आजार किंवा वागणं पाहून शंका आली तर विचारा, असं तिचं म्हणणं आहे. तुमच्या विभागाचं धोरण असेल ते पाळा, पण तीन गोष्टींना सवलत नाही. रुग्ण पूर्ण एकटी असताना विचारायचं. गुप्ततेची मर्यादा आधी सांगायची, कारण काही बाबतींत, विशेषतः मूल धोक्यात असेल तर, कळवणं कायद्याने बंधनकारक असू शकतं. आणि 'हो' आल्यावर आज घरी जाणं सुरक्षित आहे का, हे विचारल्याशिवाय उठायचं नाही. "ताई, तुम्ही हे सांगितलंत ते बरं केलंत. यात तुमची चूक नाही." असं म्हणा. 'मग सोडून का देत नाही' असं कधीही म्हणू नका. सोडून जाण्याचा काळ अनेकींसाठी सर्वांत धोक्याचा असतो. तो निर्णय तिचा, आणि त्यासाठीची तयारी अनुभवी माणसांसोबतच व्हायला हवी.

'हो' म्हणाले म्हणजे मदत हवीच, असं नाही

अडचण आहे आणि त्यात रुग्णालयाची मदत हवी आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. काहींनी आपली सोय लावलेली असते. काहींना सरकारी कागदावर नाव नको असतं. काहींना मदत हवी असते, पण फॉर्ममध्ये जी खूण केली त्यात नको असते. म्हणून प्रत्येक होकारानंतर विचारा: "यात आमच्याकडून काही मदत हवी आहे का? आणि सगळ्यांत आधी कशात?" नको म्हणाले तर वाद घालू नका. दार उघडं आहे एवढं सांगा आणि डिस्चार्जच्या आधी एकदा हळूच परत विचारा. पहिल्या दिवशी नको म्हणणारे ओळख झाल्यावर बोलतात.

मदत मिळो न मिळो, उपचार बदला

या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच, आणि तो पूर्णपणे डॉक्टरच्या हातातला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०१९ च्या अहवालात दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत: गरज भागवायला मदत करणं, आणि गरज आहे तशी धरून उपचार तिच्याशी जुळवून घेणं. पहिलीसाठी संस्था, निधी, कागद लागतात. दुसरीसाठी प्रिस्क्रिप्शन लिहिण्याआधी थोडा विचार लागतो.

मधुमेहापासून सुरुवात करू. ज्याच्या घरी रोज दोन वेळचं जेवण नक्की नाही, त्याला ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइड या सल्फोनिलयुरिया गटातल्या, साखर उतरवणाऱ्या गोळ्या देणं धोक्याचं आहे. गोळी पोटात जाते, जेवण जात नाही, आणि साखर कोसळते. कॅलिफोर्नियातल्या २०१४ च्या एका अभ्यासात, कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतले लोक साखर उतरल्यामुळे दाखल होण्याचं प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त होतं. जास्त उत्पन्नाच्या वस्त्यांत असा फरक दिसला नाही. महिनाअखेरीला पैसे संपतात, अन्न संपतं, गोळ्या मात्र चालू असतात. अशा रुग्णाला मूत्रपिंडाचं काम पाहून, साखर एकदम न उतरवणारं औषध निवडता येतं. इन्सुलिन अटळ असेल तर 'जेवण चुकलं तर किती घ्यायचं' हे स्वतंत्रपणे सांगून लिहून देता येतं.

इन्सुलिन लिहिलं की फ्रिजचा प्रश्न आला. न उघडलेल्या कुप्यांना थंडावा लागतो. उघडलेली कुपी मात्र बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला टिकते, कडक उष्णता आणि ऊन टाळलं तर. नेमकी मुदत आणि तापमान वेष्टनावर बघा. घरी फ्रिज नसेल तर एका वेळी एकच कुपी मिळेल अशी व्यवस्था फार्मासिस्टशी बोलून करा.

आता सुरुवातीचा तो हृदयाचा रुग्ण. फ्युरोसेमाइड, म्हणजे ती लघवीची गोळी, सकाळीच घेतली पाहिजे असं काही नाही. कामावरून घरी आल्यावर, दुपारी उशिरा घेतली तरी चालते. फक्त रात्री झोपताना नको. एवढ्या बदलाने गोळी चुकणं थांबू शकतं. वॉरफॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावरच्या रुग्णाला वारंवार रक्ततपासणीला यावं लागतं. प्रवास जमत नसेल तर तपासणी न लागणारं नवं औषध शक्य आहे का ते वरिष्ठांना विचारा. हृदयात यांत्रिक झडप बसवलेली असेल किंवा मध्यम ते तीव्र मायट्रल स्टेनोसिस (हृदयातली मायट्रल झडप अरुंद होणं) असेल तर वॉरफॅरिनला पर्याय नाही, मग घराजवळची तपासणीची सोय शोधावी लागते. आणि नव्या औषधाची किंमत परवडेल का, हे लिहून देण्याआधी पाहायचं, नंतर नाही.

घरी वीज भरवशाची नसेल तर हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या विजेवरच्या यंत्रासोबत, म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसोबत, सिलिंडरची सोय लागेल. नेब्युलायझरऐवजी स्पेसर, म्हणजे औषध ओढायला मदत करणारी पोकळ नळी, लावलेला इनहेलर पुष्कळदा चालतो. स्वच्छ पाणी मिळत नसेल तर रोज बदलायच्या ड्रेसिंगपेक्षा काही दिवस टिकणारं ड्रेसिंग बरं. वाचता येत नसेल तर पाकिटांवर सूर्य-चंद्राच्या खुणा करा, आणि मग म्हणा, "आजी, घरी गेल्यावर कोणती गोळी केव्हा घेणार, मला दाखवा बघू." हाताला काम असेल तरच पैसे मिळणाऱ्या माणसाला तीन विभागांच्या तीन तारखा देऊ नका. तीन ओपीडींना फोन करून एक तारीख जमवायला पंधरा मिनिटं लागतील. त्याची दोन दिवसांची मजुरी वाचेल.

सोपवताना

'समाजसेवकांना भेटा' असं कागदावर लिहिणं म्हणजे सोपवणं झालं नाही. शक्य असेल तर समाजसेवकांना खाटेपाशी आणा, नाव सांगून ओळख करून द्या आणि रुग्णासमोरच अडचण थोडक्यात सांगा, म्हणजे त्याला तीच कहाणी पुन्हा उगाळावी लागत नाही. ते जमत नसेल तर फोन करा. तिसऱ्या दिवशी काय झालं ते विचारा.

नोंद

सामाजिक अडचण प्रॉब्लेम लिस्टमध्ये आजारांच्या रांगेतच लिहा, आणि शेजारी तिच्यावरचा बेत: 'अन्नाची चणचण: सल्फोनिलयुरिया बंद, समाजसेवकांना कळवलं.' रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत यासाठी झेड ५५ ते झेड ६५ हे संकेत आहेत. झेड ५९ मध्ये घर आणि आर्थिक परिस्थिती येते, झेड ६०.२ म्हणजे एकटं राहणं. संकेत टाकले तर विभागाला पुढे आकडे मांडून माणूसबळ मागता येतं.

पण प्रत्येक गोष्ट प्रत्येक कागदावर नको. डिस्चार्ज कार्ड घरातल्या कुणाच्याही हाती पडतं, कधी मालकाला किंवा विमा कंपनीलाही दाखवलं जातं. हिंसेबद्दलची नोंद त्यावर येता कामा नये. ती रुग्णालयाच्या नियमांनुसार मर्यादित लोकांना दिसेल अशा ठिकाणीच हवी. काय लिहिणार आहात ते रुग्णाला आधी सांगा. आणि 'सहकार्य करत नाही', 'बेफिकीर' असे शब्द केस पेपरवर आणू नका. पुढचा प्रत्येक डॉक्टर त्या शब्दांतूनच त्या माणसाकडे बघतो.

राउंडला

एक वाक्य पुरे, पण ते उपचाराला बांधलेलं असू द्या. "घरी एकट्या राहतात, जिने आहेत, म्हणून फिजिओथेरपिस्टनी पाहिल्याशिवाय डिस्चार्ज नको" हे वरिष्ठ ऐकतात. "घरची परिस्थिती बिकट आहे" हे राउंडच्या गडबडीत हवेत विरतं. वरिष्ठांनी पुढे चला म्हटलं तरी तुमचा मुद्दा नोटमध्ये लिहा.

हाती काहीच नसेल तेव्हा

अशी वेळ येईल. निवाऱ्यात जागा नसेल, निधी संपलेला असेल, कागदाअभावी अर्ज अडलेला असेल. तेव्हा खोटं आश्वासन देऊ नका. "याची सोय आत्ता माझ्याकडे नाही. मी हे लिहून ठेवलंय, अमुक दिवशी समाजसेवक येतील, आणि तोवर औषधं अशी बसवलीत की ती तुम्हाला जमतील." एवढं खरं सांगता आलं पाहिजे. एखादी केस मनातून जात नसेल तर सहकाऱ्यांशी, वरिष्ठांशी बोला. एकच अडचण वारंवार दिसू लागली, उदाहरणार्थ परतीच्या प्रवासाअभावी डिस्चार्ज लांबतोय, तर त्या नोंदी घेऊन विभागप्रमुखांकडे जा. तेव्हा तो रुग्णाचा प्रश्न राहत नाही, रुग्णालयाच्या व्यवस्थेचा होतो.

घरी गेल्यावर

ज्यांना गरज होती आणि मदत हवी होती, त्यांना डिस्चार्जनंतर दोन-तीन दिवसांत एक फोन करा, किंवा सिस्टरांसोबत ठरवून घ्या. तीन प्रश्न: औषधं मिळाली का, ज्यांच्याकडे पाठवलं त्यांची भेट झाली का, पुढच्या तारखेला कसे येणार? फोन दुसऱ्याचा असेल तर उचलणाऱ्याला आजाराचं काही सांगू नका, रुग्णाला बोलवायला सांगा. भेट झाली नसेल तर कुठे अडलं ते विचारा आणि सुरुवातीला केलेल्या त्या पानावर लगेच दुरुस्ती करा: नंबर बदलला, खिडकी दुपारी बंद असते, मूळ कागद लागतो. पोस्टिंग संपलं की ते पान पुढच्या इंटर्नच्या हातात द्या.